ऑर्कुटचा सातबारा

ऑर्कुट फेसबुकनं संपवलं, असं सगळे सांगतात. मला ते मान्य नाही. ऑर्कुट त्याच्या मालकानं पडीक टाकलं. पडीक रानाचा बांध शेजारी कोरतोच. फेसबुकनं तेवढंच केलं.

तारखा बघा. ऑर्कुट सुरू झालं जानेवारी २००४ मध्ये. फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ ला, तेही फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी. दोघांत दोन आठवड्यांचंही अंतर नाही. थोरल्याच्या पाठीशी गूगल होतं, धाकट्याच्या पाठीशी वसतिगृहातली एक खोली. दहा वर्षांत थोरला गेला आणि धाकट्यानं जग व्यापलं. याला नशीब म्हणू नका. हा मशागतीचा प्रश्न होता.

ज्याच्या नावानं ही साइट ओळखली गेली तो ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन मूळचा तुर्कस्तानचा. १९७५ साली कोन्या शहरात जन्म, अंकाऱ्याच्या बिल्केंत विद्यापीठात पदवी, मग अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये डॉक्टरेट. स्टॅनफर्डमध्ये त्याचं संशोधन होतं हातात मावणाऱ्या छोट्या उपकरणांवर वेबची पानं नीट कशी वाचता येतील यावर. हा तपशील लक्षात ठेवा. छोट्या पडद्याचा विचार विद्यार्थिदशेतच केलेल्या माणसाची साइट पुढे फोनच्याच जमान्यात मागे पडली.

स्टॅनफर्डला असतानाच, २००१ मध्ये, त्यानं ‘क्लब नेक्सस’ बांधलं. विद्यापीठातल्या मुलामुलींनी एकमेकांना शोधावं, मित्रांचे मित्र ओळखीचे व्हावेत, एवढाच हेतू. दोन हजारांवर विद्यार्थी त्यावर आले. पुढे ‘अ‍ॅफिनिटी एंजिन्स’ ही कंपनी निघाली आणि माजी विद्यार्थ्यांसाठी ‘इनसर्कल’ आलं. २००२ मध्ये तो गूगलमध्ये गेला. तिथे अभियंत्यांना कामाच्या वेळेचा पाचवा हिस्सा स्वतःच्या आवडीच्या कामाला देता येत असे. त्या पाचव्या हिश्शातून ऑर्कुट जन्मलं.

गूगलला अशी साइट हवीच होती. त्या वेळी या धंद्यातलं मोठं नाव होतं फ्रेंडस्टर. २००३ मध्ये गूगलनं त्याला ३ कोटी डॉलर देऊ केले. संस्थापक जोनाथन अब्राम्स यांनी नकार दिला. नंतर फ्रेंडस्टरची पानं उघडायला इतका वेळ घेऊ लागली की लोक कंटाळून निघून गेले. गूगलनं घरचंच पीक घ्यायचं ठरवलं.

साइट सहा महिन्यांचीही झाली नव्हती तेव्हा मालकीचा पहिला वाद उभा राहिला. अ‍ॅफिनिटी एंजिन्स न्यायालयात गेली. आमचाच प्रोग्रॅम वापरून ऑर्कुट केलं आहे, इनसर्कलमधल्या नऊ चुका जशाच्या तशा ऑर्कुटमध्ये सापडतात, असा त्यांचा दावा होता. हे कोणाचं, हा प्रश्न असा ऑर्कुटच्या पाळण्यातलाच. तो शेवटपर्यंत सुटला नाही. आणि मला आज त्याचबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे शेतजमिनीचा सातबारा असतो. त्यात दोन नमुने असतात. सातमध्ये मालकाचं नाव, बारामध्ये रानात काय पिकलं त्याची नोंद. ऑर्कुटच्या सातवर नाव गूगलचं होतं. पाटी लावली होती ब्युयुक्कोक्तेनच्या नावाची. आणि बारावरचं पीक सगळं लोकांचं. आपलं.

काय पीक होतं ते!

ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात संगणक थोड्यांकडे होता. बाकीचे सायबर कॅफेत जायचे, तासावर पैसे मोजून. सुरुवातीला ऑर्कुटवर कोणालाही जाता येत नसे. आत असलेल्या कोणीतरी आमंत्रण धाडावं लागे. त्यामुळे “मला इन्व्हाइट पाठव ना” हे वाक्य कॉलेजांत सतत कानी पडे. आत शिरलं की स्वतःचं पान, त्यावर एक फोटो, अल्बममध्ये बारा फोटो. आज हजारो फोटो काढून एकही न पाहणाऱ्यांना त्या बारांची निवड किती विचारानं व्हायची ते समजणार नाही.

मग स्क्रॅपबुक. एकमेकांच्या वहीत लिहायचं आणि ते सगळ्यांनी वाचायचं. वाड्यातल्या ओसरीवर बोलल्यासारखं. कोण कोणाशी काय बोलतंय ते साऱ्या आळीला ऐकू जायचं. मित्रांना तुमची पारख करता यायची: विश्वासू असाल तर हसरे चेहरे, ‘कूल’ असाल तर बर्फाचे खडे, देखणे असाल तर बदाम. कोण तुमच्या पानावर डोकावून गेलं ते पुढे पुढे दिसायला लागलं आणि कित्येकांची झोप उडाली.

सगळ्यात सुंदर होतं ते टेस्टिमोनियल. मित्रानं तुमच्याविषयी दहा-वीस ओळी लिहायच्या आणि तुम्ही होकार दिला की त्या तुमच्या पानावर झळकायच्या. होकार देईपर्यंत त्या फक्त तुम्हालाच दिसत. लोकांनी लगेच त्यातून चिठ्ठीचं काम काढून घेतलं. जे चार लोकांत सांगता येत नव्हतं ते टेस्टिमोनियलमध्ये लिहायचं आणि वर बजावायचं, हे स्वीकारू नकोस. कंपनीनं न दिलेली सोय वापरणाऱ्यांनी स्वतः घडवली. हेच मी कसणं म्हणतो.

दहावीनंतर परीक्षेच्या पेपरापलीकडे मराठीत चार ओळी न लिहिलेली पोरं तिथे मराठीत लिहायला लागली. रोमन अक्षरांत, जमेल तसं, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता, पण आपल्या बोलीत. पुढे ऑर्कुटचं पान मराठीतूनही वापरता येऊ लागलं. गावांच्या कम्युनिटी निघाल्या, शाळांच्या निघाल्या, आडनावांच्या निघाल्या. नोकरीसाठी अमेरिकेत किंवा आखातात गेलेल्यांना बालवर्गातले सोबती पुन्हा सापडले. सामान्य मराठी माणसानं संपादकाला, प्रकाशकाला न विचारता चार लोकांसमोर लिहिलं, अशी ती माझ्या मते पहिली मोठी जागा. वाङ्मयाच्या इतिहासात तिला ओळ मिळणार नाही. मिळायला हवी होती.

आपल्यापेक्षा जास्त वेड ब्राझीलला होतं. सुरुवातीला अमेरिकन जास्त होते. वर्षभरात ब्राझीलच्या लोकांनी साइट ताब्यात घेतली आणि अमेरिकनांना तिथे परकं वाटू लागलं. दुसरा नंबर भारताचा. म्हणजे गूगलनं कॅलिफोर्नियात पेरलं आणि उगवलं बेलो होरिझोंते नि पुण्यात.

आणि गूगलला पीक आवडलं नाही. मला असंच वाटतं. अमेरिकेत जे चालत नाही त्याकडे त्या कंपनीचं मन लागत नसे. पुरावा हवा? ऑगस्ट २००६ मध्ये गूगलनं मायस्पेस या दुसऱ्याच कंपनीच्या साइटवर जाहिराती दाखवण्यासाठी ९० कोटी डॉलरची हमी दिली. घरचं रान तहानलेलं ठेवून पाटाचं पाणी शेजारच्या मळ्यात सोडलं. तो मळाही वाळला. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पनं ५८ कोटी डॉलर मोजून मायस्पेसची मालक कंपनी घेतली होती. २०११ मध्ये मायस्पेस साडेतीन कोटींना विकलं.

इकडे ऑर्कुट धापा टाकत होतं. साइट अडकली की पडद्यावर संदेश यायचा. वाईट सर्व्हर, तुला डोनट मिळणार नाही, अशा आशयाचा. पहिल्यांदा हसू आलं. शंभराव्यांदा तो संदेश पाहणाऱ्याला मालकाचं लक्ष नाही हे कळून चुकलं.

लक्ष नसल्याची खरी किंमत मात्र महाराष्ट्रानं मोजली. हे आज विसरलं गेलंय, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑक्टोबर २००६. भारतद्वेषाची एक कम्युनिटी ऑर्कुटवर होती. तिच्याविरुद्ध याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गूगलला नोटीस काढायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांविषयी घाणेरडा मजकूर तिथे आढळला. राग रास्त होता. पण राग निघाला कुठे? सायबर कॅफेवर. पुण्यात कॅफे फोडले गेले. २००७ च्या जूनमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्याविरुद्धच्या मजकुरावरून मुंबई-ठाणे परिसरात शिवसैनिकांनी पुन्हा तेच केलं. कर्ज काढून चार-सहा संगणक मांडणाऱ्या मराठी पोराच्या काचा फुटल्या. मजकूर लिहिणारा सुरक्षित, मजकूर ठेवणारी कंपनी सातासमुद्रापार सुरक्षित, मार खाल्ला तो भाड्यानं खुर्ची देणाऱ्यानं. हे तेव्हाही चूक होतं आणि आजही त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

त्याहून भयंकर घडलं ऑगस्ट २००७ मध्ये. महाराजांच्या बदनामीच्या त्याच प्रकारात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला पकडलं. कंपनीकडून आयपी पत्ता आला, इंटरनेट पुरवणाऱ्यानं त्या पत्त्यावरून नाव दिलं, पोलिसांनी दारावर थाप मारली. नाव चुकीचं होतं. त्या मुलाचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता. त्यानं पन्नास दिवस तुरुंगात काढले. येरवड्यात. एका आकड्याची पडताळणी कोणी केली नाही म्हणून.

या प्रकरणात पोलिसांचा दोष मोठा, इंटरनेट पुरवणाऱ्याचा मोठा. पण मी ऑर्कुटलाही सोडणार नाही. कोट्यवधी माणसं जिथे राहतात तिथे तक्रार ऐकणारा माणूस नको? मुलींचे फोटो उचलून खोटी प्रोफाइलं उघडली जात, खाली फोन नंबर टाकले जात, आणि घरच्यांनी कोणाकडे जायचं ते कळत नसे. गाव वसवलं, पण चावडी बांधली नाही. २००७ मध्ये मुंबई पोलिसांशी थेट संपर्काची व्यवस्था झाली खरी, पण ती सरकारी तक्रारींसाठी. सामान्य बाईमाणसाला दाद मागायला दार नव्हतंच.

मधल्या काळात फेसबुक गप्प बसलं नव्हतं. सप्टेंबर २००६ मध्ये त्यानं दार सगळ्यांना उघडलं आणि त्याच महिन्यात न्यूज फीड आणली. आता मित्राच्या पानावर जाऊन बघावं लागेना. मित्राचं सगळं आपोआप समोर यायला लागलं. ऑर्कुट मात्र ओसरीवर बसूनच होतं. मला स्वतःला ओसरी आवडते. कोणाकडे तरी जावंसं वाटणं आणि उठून जाणं यात जो जिव्हाळा आहे तो फीडमध्ये नाही. पण गर्दी फीडकडे वळणार हे दिसत होतं, आणि ते पाहायला गूगलकडे हुशार माणसांची वाण नव्हती.

ऑगस्ट २००८ मध्ये गूगलनं ऑर्कुटचा सगळा कारभार ब्राझीलला, बेलो होरिझोंतेच्या कार्यालयाकडे दिला. २००९ च्या अखेरीस नवं रूप आलं. त्यातही शिरायला पुन्हा आमंत्रण लागत होतं. लोक दाराबाहेर थांबले नाहीत. जुलै २०१० मध्ये कॉमस्कोरच्या मोजणीत भारतात फेसबुकला २ कोटी ९ लाख लोक भेट देऊन गेले, ऑर्कुटला १ कोटी ९९ लाख. नीट पाहा, ऑर्कुट तेव्हाही आटलं नव्हतं. वर्षभरात १६ टक्क्यांनी वाढलंच होतं. फेसबुक १७९ टक्क्यांनी वाढलं. २०११ संपता संपता ब्राझीलही गेलं.

आणि त्या दोन वर्षांत गूगल काय करत होतं? फेब्रुवारी २०१० मध्ये ‘बझ’ काढलं, जून २०११ मध्ये ‘गूगल प्लस’. हातात कोट्यवधींची नांदती वस्ती असताना शेजारी नवी वसाहत आखत बसले. बझ दोन वर्षांच्या आत गुंडाळलं. प्लस एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालं. ज्या प्लससाठी ऑर्कुटचा घास घेतला ते ऑर्कुटनंतर पाच वर्षंही जगलं नाही.

३० जून २०१४ ला घोषणा झाली, ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद. तीन महिन्यांची मुदत. गूगलच्या बाजूनंही बोलायला हवं: फोटो नि स्क्रॅप उतरवून घ्यायची सोय सप्टेंबर २०१६ पर्यंत होती. खुल्या कम्युनिटींचं एक संग्रहालयही ठेवलं होतं. त्यात ५ कोटींवर कम्युनिटी, १२ कोटींवर विषय, अब्जाच्या वर नोंदी. बहुतेक कंपन्या एवढंही करत नाहीत. मायस्पेसनं तर सर्व्हर बदलताना बारा वर्षांची गाणी गमावली आणि २०१९ मध्ये सांगितलं, आता ती मिळणार नाहीत.

पण ऑर्कुटचं ते संग्रहालयही मे २०१७ मध्ये काढून टाकलं.

आणि स्क्रॅप उतरवून घ्यायच्या सोयीत एक फट होती. स्क्रॅपबुक कसं होतं ते आठवा. माझ्या वहीत तुम्ही लिहिणार, तुमच्या वहीत मी. म्हणजे माझी वही उतरवली तर मला तुमचे शब्द मिळणार. माझे शब्द तुमच्या वहीत. तुम्ही ती उतरवली नसेल तर माझं लिखाण गेलंच. संवादाचा एक काठ हातात, दुसरा वाहून गेलेला. आणि ज्यांच्या वह्या उतरवायला कोणी उरलंच नव्हतं त्यांचं काय? दहा वर्षांत काही माणसं वारली. त्यांनी मित्रांना लिहिलेल्या टेस्टिमोनियलच्या ओळी, हे त्यांच्या हातचं काही घरांत शेवटचं लिखाण असेल. आईवडिलांना त्या साइटचं नावही ठाऊक नव्हतं. त्यांना मुदतीची नोटीस कोण देणार?

ब्युयुक्कोक्तेननं २०१४ मध्ये गूगल सोडलं आणि २०१६ मध्ये ‘हॅलो’ नावाची नवी साइट आणली. फेसबुकवरची लोकांची माहिती परस्पर वापरल्याचं केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण गाजत होतं त्या २०१८ च्या वसंतात ती भारतातही आली. ऑर्कुटवर प्रेम केलेल्या दोन्ही देशांकडे तो परत आला, हे मला त्याच्या बाजूचं वाटतं. लोक मात्र आले नाहीत. पीक त्याच्या नावामुळे आलं नव्हतं, ते कसणाऱ्यांमुळे आलं होतं. २०२२ मध्ये ऑर्कुटच्या जुन्या पत्त्यावर त्याचं एक पत्र झळकलं. नवं काहीतरी बांधतोय, असं त्यात होतं. त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या माणसाच्या नावानं गाव ओळखलं जातं त्यानं गाव उठवलं जात असताना मोठ्यानं बोलायला हवं होतं. तेव्हा त्याचा आवाज मला ऐकू आला नाही.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा या राज्यात कोणी कौतुकानं दिली नव्हती. तिच्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्यांची नावं सातबाऱ्यावर चढली. सगळ्यांची नाही चढली, पळवाटा होत्या, तरीही चढली. जो राबतो त्याला एका नोटिशीवर उठवता येणार नाही, हे तत्त्व आपण तेव्हाच मान्य केलं. मग ते इंटरनेटवर का मान्य नाही? आज तुमच्या घरातलं बारसं, लग्न, आजीचा शेवटचा आवाज ज्या दोन-तीन कंपन्यांच्या रानात साठतंय त्यांच्या सातवर तुमचं नाव नाही, आणि बारावरचं तुमचं पीक हलवायचा हक्कही कायद्यानं तुम्हाला दिलेला नाही.

दिला जाणार होता. युरोपात २०१८ पासून माणसाला स्वतः दिलेली माहिती उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडेही २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात कलम १९ नेमकं हेच देत होतं. २०२३ मध्ये जो कायदा संमत झाला त्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसण्याचा हक्क आहे. घेऊन जाण्याचा नाही. ते कलम गळलं आणि त्यावर महाराष्ट्रात चार ओळींचाही गदारोळ झाला नाही.

आपल्या खासदाराला या आठवड्यात एक पत्र लिहा. लांबलचक नको. २०१९ चं कलम १९ परत आणा, आणि साइट बंद करायची तर किमान दोन वर्षांची नोटीस सक्तीची करा, इतकंच लिहा.